फिट येणाऱ्या मुलीसाठी कुत्रा आणावा का?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी आठ वर्षांची. दीड वर्षापासून फिट येतात, बहुतेक झोपेत, पहाटेच्या सुमारास. औषध चालू आहे, तरी महिन्या-दीड महिन्यातून एखादी येतेच. नवरा चाकणला शिफ्टमध्ये, घरात सासूबाई. परदेशात म्हणे कुत्रा फिट येण्याआधी सांगतो. तर असा तयार कुत्रा पुण्यात कुठे मिळेल, किती खर्च येईल, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो मावेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सोपा आहे. मावेल. मोठा कुत्रा दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ झोपलेला असतो. त्याला जागा लागते एका गोधडीएवढी आणि दोन वेळा खाली फिरायला नेणारं माणूस. कुठे मिळेल, याचं उत्तर असं की तयार मिळणार नाही, तयार करावा लागेल. आणि कुत्रा आधी सांगतो का, या एका प्रश्नासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलोय. गेल्या बावीस वर्षांत या एका आशेपायी फसलेली घरं मी पाहिली आहेत.

माझा धंदा कुत्री शिकवण्याचा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल जे लिहीन ते डॉक्टरांकडून आणि आयांकडून ऐकलेलं, आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच घ्यायचं. फिट येणाऱ्या मुलांच्या सात घरांत मी काम केलंय. चार कुत्री कामाची झाली, एक नुसती लाडाची राहिली, दोन मला परत आणावी लागली.

कुत्र्याचं बघण्याआधी न्यूरोलॉजिस्टना एक प्रश्न विचारा: माझ्या मुलीची फिट कुठल्या जातीची आहे? लहान मुलांत झोपेत येणाऱ्या फिटचा एक नेहमीचा प्रकार आहे, डॉक्टर त्याला रोलँडिक म्हणतात. चेहऱ्याची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, बोलता येत नाही, कधी ती पुढे अंगभर पसरते. हा प्रकार बहुतेक मुलांत वयात येता येता आपोआप थांबतो. कुत्रा निवडून, मोठा करून, शिकवून भरवशाचा व्हायला दीड-दोन वर्षं जातात. म्हणजे असं होऊ शकतं की कुत्रा तयार झाला आणि फिट थांबली. त्यात वाईट काहीच नाही, पण मग तुम्ही बारा वर्षांसाठी एक कुत्रा घरात आणलाय, तो फिटसाठी नाही, कुत्रा म्हणून. ते चालणार असेल तरच पुढचं वाचा. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याला मी हाच प्रश्न विचारायला पाठवलं, ते परत आले नाहीत, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

आता आधी सांगण्याचं. दोन वेगळी कामं आहेत आणि बोलताना लोक ती एक करून टाकतात. एक, फिट येण्याच्या आधी इशारा देणं. दोन, फिट सुरू झाल्यावर काहीतरी करणं, म्हणजे माणसाला बोलावणं, जवळ बसणं. दुसरं काम शिकवता येतं, मी शिकवतो. पहिलं खात्रीनं शिकवता येतं असं म्हणणारा माणूस भेटला तर चहा प्या आणि घरी या. काही कुत्री मुलाबरोबर वर्षभर राहून आपणहून काहीतरी ओळखायला लागतात, हे खरं. कुठलं कुत्रं ओळखेल, हे पिल्लू बघून कुणालाही सांगता येत नाही.

वासाचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शिकवलेल्या कुत्र्यांपुढे पेशंटांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने ठेवले. फिटच्या वेळचा नमुना कुत्र्यांनी इतर वेळच्या नमुन्यांतून वेगळा काढला. बातम्या झाल्या, 'कुत्रे फिट ओळखतात'. पण तो वास फिटच्या वेळचा होता, अर्ध्या तासाआधीचा नव्हे. डबीतला वास ओळखणं आणि स्वयंपाकघरात फोडणी बसलेली असताना, पलीकडे सीरियल चालू असताना, झोपलेल्या मुलीच्या अंगावर तो हुडकणं यातही अंतर आहे.

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात बुंदी नावाची कुत्री होती, तांबूस, आपली देशीच. घरच्यांची पक्की खात्री की बुंदी आधी सांगते. संध्याकाळी ती येरझाऱ्या घालायला लागली की त्या रात्री मुलाला फिट येते. मी म्हटलं, वही घाला. बुंदी कधी अस्वस्थ झाली ते एका रकान्यात, फिट कधी आली ते दुसऱ्यात, आणि दोन्ही लिहायचं, जुळलं तरी आणि नाही जुळलं तरी. दोन महिन्यांनी वही बघितली तर बुंदी जवळजवळ रोज संध्याकाळी सातला अस्वस्थ होत होती, कारण सातला वरच्या मजल्यावरचा पामेरियन लिफ्टनं खाली जायचा. ज्या रात्री फिट आली त्या रात्रीचं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, बाकीच्या चाळीस संध्याकाळी कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. वही वाईट वाटायला लावते खरी. पण या घरात त्याच भरवशावर मुलाला सोसायटीच्या टाकीत पोहायला सोडायचे. कुत्री शांत आहे, म्हणजे आज काही नाही. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात एकटं सोडायचं नाही, कुत्रा काहीही सांगो. आंघोळीलाही बादली, स्टूल, आणि आतून कडी नाही.

आता जे शिकवता येतं ते. माझ्या सगळ्या कामात सर्वात उपयोगी ठरलेली वस्तू म्हणजे बिनतारी डोअरबेल. तपकीर गल्लीत मिळते. बटण मुलीच्या पलंगाशी, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. वाजणारा डबा तुमच्या उशाशी. कुत्र्यानं फिट बघितली की बटण दाबायचं, तुम्ही उठून यायचं. एवढंच काम. भुंकायला मी शिकवत नाही. पहाटे चारला सोसायटीत कुत्रा भुंकला की तुम्ही उठाल त्याआधी सेक्रेटरी उठतील, आणि फिटमधून बाहेर येणारं पोर आधीच भांबावलेलं असतं, त्याच्या कानाशी भुंकणं नको.

शिकवण्याची रीत सांगतो, म्हणजे कुठं वेळ जातो ते कळेल. बटणावर प्लॅस्टिकचं पिवळं झाकण बसवायचं. कुत्र्याला लाल-हिरवं नीट वेगळं दिसत नाही, पिवळं आणि निळं दिसतं. झाकण हातात धरून पुढे केलं की कुत्रा हुंगतो, नाक लागतं, लगेच खाऊ. तुमचं घर शाकाहारी असेल तर पनीरचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे चालतात. दोन-तीन दिवसांत तो झाकण दिसलं की नाक मारायला धावतो. मग ते भिंतीवर. मग खरी घंटा जोडायची. इथे एक बारकी गोष्ट आहे, आणि बरेच जण तिथेच चुकतात. खाऊ बटणापाशी उभ्या माणसानं द्यायचा नाही. घंटा वाजली की आई दुसऱ्या खोलीतून चालत यायची आणि पलंगापाशी येऊन खाऊ द्यायची. कुत्र्याच्या डोक्यात बसलं पाहिजे की बटण दाबलं की आई येते. खाऊ आईबरोबर येतो, बटणातून पडत नाही.

आठवडा-दोन आठवडे तो तुम्हाला वेड लावेल. दिवसातून तीसदा घंटा. रागवायचं नाही. यायचं, बघायचं, काही नसेल तर न बोलता परत जायचं, खाऊ नाही. रागावलात तर खऱ्या वेळी तो बटणाकडे बघेल आणि तुमचा चेहरा आठवून थांबेल.

मग फिटशी गाठ घालायची. काही शिकवणारे मुलालाच नाटक करायला लावतात. मी नाही करत. मुलाला ती गंमत वाटते, आठवडाभरात ते आईला बोलवायला नाटक करायला लागतं, आणि तुम्हाला खरं-खोटं कळेनासं होतं. मी मामाला किंवा काकाला गादीवर झोपवतो, हातपाय ताठ, झटके, घरघर. मामा लोक हे फार उत्साहानं करतात, त्यांना आवरावं लागतं. पुढच्या पायरीला तुमच्या मोबाइलवरचा खऱ्या फिटचा व्हिडिओ लागतो. डॉक्टरांसाठी तुम्ही तो काढलाच असेल, नसेल तर पुढच्या वेळी काढा. त्यातला नुसता आवाज हळू लावायचा, पलंगाची कुरकुर, तो श्वास. आणि मग वाट बघायची. खरी फिट आली की तुमचं काम झाल्यावर कुत्र्याला बटणापाशी न्यायचं, दाबून घ्यायचं, भरपूर खाऊ. महिन्याला एक फिट म्हणजे वर्षाला बारा धडे. म्हणून दीड-दोन वर्षं म्हणतो. शेवटी रात्री दोन वाजता गजर लावून सराव. दिवसा हुशार असलेली कुत्री रात्री घोरत पडतात.

इतकं करून चांगला कुत्रा मोठ्या फिटमध्ये दहातल्या सात-आठ वेळा घंटा वाजवतो. हा माझ्या चार कुत्र्यांचा अनुभव, याला अभ्यास समजू नका. बारीक फिट, म्हणजे नुसतं शून्यात बघणं, ओठ चाळवणं, त्याच्या लक्षात येतच नाहीत असं धरून चाला. म्हणून लहान बाळांच्या खोलीत ठेवतात तो आवाजाचा मॉनिटर काढून टाकायचा नाही. कुत्रा त्याच्या जोडीला.

हे लिहावं की नाही, याचा विचार केला. फिट येणाऱ्या माणसाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा एक प्रकार आहे. मुलांमध्ये तो विरळा, वर्षाला साधारण साडेचार हजार मुलांमागे एक. रात्री येणाऱ्या मोठ्या फिट आणि रात्री देखरेख नसणं यानं जोखीम वाढते, हे डॉक्टर सांगतात. पुष्कळदा आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून विचारा. कुत्रा हे टाळतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. तेव्हा कुत्रा आणला म्हणून आजीनं नातीच्या खोलीतून आपली गादी हलवायची नाही.

घंटा वाजल्यावर काय, हे कुत्रा येण्याआधी घरात पाठ हवं. घड्याळ बघायचं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याशी सैल. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कांदा, चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा, यातलं काहीही नाही. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी लागली, तर १०८. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर किती फवारे आणि कितव्या मिनिटाला, हे त्यांच्याच अक्षरात कागदावर घेऊन फ्रिजवर लावा. डोस वजनावर असतो, मुलगी वाढली की बदलतो. जुना कागद काढून टाका.

या सगळ्यात कुत्र्यानं कुठे असायचं? पलंगाच्या पायथ्याशी, त्याच्या चटईवर. 'जागा' म्हटलं की तिथे जायचं. याचं कारण सांगायला मला माझी चूक सांगावी लागेल.

हडपसरला अकरा वर्षांच्या मुलासाठी मी एक जर्मन शेफर्ड तयार केला, नाव ढाण्या. देखणा, हुशार, मुलावर जीव. फिट आली की तो मुलाला चिकटून उभा राहायचा. आई रडायची, काय माया म्हणायची, आणि मीही त्याची पाठ थोपटली. शिकवणारा म्हणून मला दिसायला हवं होतं की ते उभं राहणं मायेचं कमी आणि पहाऱ्याचं जास्त होतं. एका दुपारी फिट लांबली, १०८ आली, डॉक्टर दारातून आत पाऊल टाकायला गेले आणि ढाण्यानं दात काढले. आई एकटी. कुत्र्याला ओढून न्हाणीघरात कोंडेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. मुलगा सुखरूप आहे, आता कॉलेजात जातो. ढाण्याला मी त्याच आठवड्यात परत आणलं, तो आता सासवडकडे एका शेतावर आहे. तेव्हापासून माझा नियम आहे की कुत्र्याला घरात द्यायच्या आधी पाच अनोळखी माणसं, त्यातला एक हेल्मेट घातलेला, एक मोठी बॅग घेतलेला, खोटी फिट चालू असताना घरात शिरवायची. कुत्रा चटईवरून हलला तर तो अजून तयार नाही.

तोंड चाटण्याचंही असंच. लोकांना गोड वाटतं. तोंडात आधीच लाळ असते, श्वासाची वाट मोकळी ठेवायची असते, नाकात औषध मारायचं असतं. तिथे कुत्र्याची जीभ नको. औषधाची पिशवी आणायलाही शिकवू नका. ती तो आणतो, आणि एखाद्या दिवशी फाडून खातो. काही बिनसाखरेच्या सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्याला विष आहे. पडलेली गोळी लगेच उचला.

कुठला कुत्रा? लॅब्रॅडॉर, गोल्डन चालतात. हस्की आणू नका. पुण्याच्या एप्रिलमध्ये हस्की पाळणं हा माझ्या मते गुन्हा असायला हवा. माझ्या चार कामाच्या कुत्र्यांतली दोन देशी आहेत, दत्तक घेतलेली. पिल्लापेक्षा दीड वर्षाचं कुत्रं बघावं असं माझं मत आहे, कारण स्वभाव तोवर उघडा पडलेला असतो. माझी परीक्षा सोपी आहे. कुत्रं खेळत असताना मागे स्टीलचं ताट पाडायचं. दचकलं, पण दहा सेकंदांत येऊन ताट हुंगलं, तर घ्या. कपाटामागे जाऊन बसलं तर गुणी असेल, या कामाचं नाही. आवाज झाल्या दिशेनं भुंकत धावलं तर मुळीच नको.

आणि ताट पडून न घाबरणारं कुत्रंही लक्ष्मीपूजनाच्या रात्री पलंगाखाली असतं, हे लक्षात ठेवा. ढोल पथकांचा नदीपात्रातला सराव सुरू झाला की काहींची झोप उडते. नेमक्या याच दिवसांत मुलांची जागरणं होतात, आणि झोप मोडणं हे फिटला आमंत्रण. म्हणजे ज्या रात्री गरज जास्त त्या रात्री कुत्रा सुट्टीवर. विसर्जनाची रात्र आणि दिवाळीचे चार दिवस माणसांनी पाळी लावायची. कुत्र्याला माफ करायचं.

खर्चाचं. माझ्या घरांचा अनुभव असा की खाणं, लशी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध धरून मोठ्या कुत्र्याला महिन्याला चार-पाच हजार सहज जातात, आजारपण वेगळं. शिकवण्याचे पैसे शिकवणाऱ्यागणिक वेगळे. महापालिकेचा परवाना काढा, रेबीजची लस दर वर्षी. 'सर्व्हिस डॉग' असं छापलेलं जाकीट आणि ओळखपत्र ऑनलाइन मिळतं; घेऊ नका, त्याला आपल्याकडे कायद्याचं बळ नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं अशा कुत्र्याला दुकानात, हॉटेलात नेता येतं, म्हणून तिकडच्या व्हिडिओत तो सगळीकडे दिसतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अपस्माराचं, म्हणजे फिटच्या आजाराचं, नाव स्वतंत्रपणे नाही. तेव्हा तुमचा कुत्रा हा घरात काम करणारा कुत्रा, एवढंच धरा. सोसायटीनं मात्र अडवलं तर ऐकायचं नाही. कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे केंद्राच्या पशू कल्याण मंडळानं २०१५ च्या सूचनांत स्पष्ट केलंय. त्याची प्रत छापून ठेवा, आणि जिन्यातली घाण आधी स्वतः उचला.

शाळेत कुत्र्यासाठी भांडू नका. पन्नास पोरांच्या वर्गात कुत्र्याचाच जीव जाईल. शाळेत तो फ्रिजवरचा कागद द्या, वर्गशिक्षिकेला आणि शिपाईमावशींना, दोघींना. प्रसंगी पळत येतात त्या मावशीच.

सासूबाईंना कुत्रा नको असेल, हे तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्या ओळींमधून दिसतंय. एका सदाशिव पेठी आजींना मी म्हटलं होतं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री चालतात, घरात एक चालेना? त्या म्हणाल्या, ती चार तसबिरीत आहेत, केस गळत नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. त्यांना मी उगाच पटवत बसलो नाही. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या उंबऱ्यावर कुत्र्याला थांबायला शिकवलं, आठ दिवसांचं काम. तो तिथे थांबतो हे रोज बघून त्यांचा विरोध मावळला. नातीच्या औषधाची वेळ त्या आणि कुत्रा मिळून सांभाळायला लागल्या ते नंतर.

ते औषधाच्या वेळेचं सांगतोच. फिट परत येण्याचं एक फार नेहमीचं कारण चुकलेला डोस. तुमच्या मुलीचं औषध सकाळी आठ, रात्री आठ असेल तर कुत्र्याचं जेवण त्याच वेळेला ठेवा, आणि आधी मुलीची गोळी, मग कुत्र्याची वाटी, हा क्रम कधीही मोडू नका. पंधरा दिवसांनी पावणेआठला तो तुमच्यासमोर येऊन उभा राहील. लग्नघरात असाल, पाहुणे असतील, मोबाइलचा गजर बंद केला असेल, तो येणार. घंटेवर त्याला दोन वर्षं घालावी लागतात, हे तो फुकट करतो. चार घरांतल्या दोन आयांनी मला सांगितलंय की कुत्र्याचा खरा उपयोग हाच झाला.

नेदरलँडमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या २५ मोठ्या माणसांना शिकवलेली कुत्री देऊन अभ्यास केला, तो २०२४ मध्ये आला. सरासरीनं फिटचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, सगळ्यांचं सारखं नाही. कशामुळे घटलं हे त्यातून नेमकं कळत नाही. माझा आपला तर्क: कुत्रा असला की माणूस वेळेवर उठतो, वेळेवर झोपतो, चालतो, आणि घाबरत जरा कमी. मुलांबद्दल तो अभ्यास नव्हता, तेव्हा तुमच्या मुलीला ३१ टक्के लावू नका.

मुलांचं मी जे बघितलंय ते वेगळं आहे. कर्वेनगरची एक मुलगी पडून डोकं फुटू नये म्हणून घराबाहेर टोपीसारखं हेल्मेट घालायची. टेकडीवर नेलं की लोक बघायचे, आईला बाजूला घेऊन विचारायचे. कुत्रा आला आणि लोक त्याच्याकडे बघायला लागले. हा चावतो का, काय खातो, नाव काय. उत्तरं ती मुलगीच द्यायची. तळजाईवर तिला सगळे कुत्र्याच्या नावानं ओळखायचे. आईनंही हळूहळू तिच्यामागे दोन पावलांवर चालणं सोडून वीस पावलांवर चालायला सुरुवात केली. फिट कमी झाल्या नव्हत्या.

पण कुत्रा मुलीचा आहे म्हणून त्याचं सगळं मुलीवर टाकू नका. ब्रश तिनं करावा, वाटी तिनं भरावी. फिरवणं मोठ्यांनी, भटकी कुत्री अंगावर आली तर आठ वर्षांच्या हातातून दोर सुटतो, आणि फिट रस्त्यात आली तर त्याहून वाईट. फिट झाल्यावर कुत्र्यालाही अर्धा तास मोकळा द्या. सारखा जांभया देतो, ओठ चाटतो, मुलीच्या खोलीत जायला नको म्हणतो, अशी लक्षणं महिनाभर टिकली तर मला किंवा दुसऱ्या कुणाला बोलवा. माझी परत आणलेली दुसरी कुत्री अशीच होती. फिट बघून थरथरायची. तिला ते काम देणं हा जुलूम होता.

तुम्ही एकट्याच हे ओढताय असं पत्रावरून वाटलं. पुण्यात 'संवेदना' हा फिट येणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट आहे, यशोदा वाकणकरांनी सुरू केलेला. कुत्र्याआधी तिथे जाऊन या. तिथल्या आया जे सांगतील ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतरही कुत्रा हवा असं ठरलं, तर रविवारी सकाळी या. पहिल्या खेपेला मुलीला आणू नका, कुत्री बघून ती हट्ट धरेल आणि मग बोलणं होणार नाही. तीन महिन्यांची फिटची वही आणा, वेळेसकट. मोबाइलवरचा व्हिडिओ. आणि निघण्याआधी मुलीचा पलंग भिंतीला कुठल्या बाजूनं लावलाय आणि ती कुठल्या कुशीवर झोपते ते बघून या. बटण कुठे बसवायचं ते त्यावर ठरेल.